पाण्याचा थेंब : छायाचित्राच्या साहाय्याने एक निरीक्षणपाठ

तिसरी-चौथीच्या मुलांना पावसाचे चित्र काढावयास सांगितले, म्हणजे बहुतेक सर्व वह्यांत एकच आकृती उमटते. ढग, त्याखाली छत्री घेतलेला माणूस, आणि दोहोंच्या मध्ये वरून निमुळते व खालून फुगीर असे टपोरे थेंब. ही आकृती मुलांनी आकाशात पाहिलेली नसते. ती त्यांनी पुस्तकात, भिंतीवरील तक्त्यात, पाणी वाचविण्याच्या फलकावर आणि शिक्षकांच्या हातून फळ्यावर उमटताना पाहिलेली असते.

क्वचित एखादे मूल थेंब नुसतेच वाटोळे काढते. अशा वेळी काय घडते, याचा प्रत्येक शिक्षकाने प्रामाणिकपणे विचार करावा. "थेंब असा असतो का?" असे विचारून वहीतील वाटोळ्या थेंबाला वर टोक काढून दिले जाते. मूल पुढच्या वेळी टोक काढण्यास विसरत नाही. परंतु खरी गोष्ट अशी आहे की, पडणाऱ्या पावसाच्या थेंबाला टोक नसते. वाटोळा थेंब काढणारे मूल बरोबर होते व त्याला सुधारणारा हात चुकला होता.

चूक लहान दिसते, पण तिच्यासोबत मूल आणखी एक धडा घेऊन जाते. आपल्या डोळ्यांना जे दिसते त्यापेक्षा फळ्यावर जे काढलेले असते तेच खरे, हा तो धडा होय. विज्ञानाच्या शिक्षणाची सारी इमारत ज्या पायावर उभी राहावयाची, तो पायाच येथे खचतो. म्हणून थेंबाचा हा पाठ आकृतीच्या शुद्धतेसाठी जितका घ्यावयाचा, त्याहून अधिक मुलांच्या निरीक्षणावरील विश्वासासाठी घ्यावयाचा आहे. पूर्वी असा पाठ घेण्यासाठी प्रयोगशाळा लागली असती. आज बहुतेक शिक्षकांजवळ मोबाइल आहे व त्यातील कॅमेरा या कामास पुष्कळ अंशी पुरतो.

थेंबाच्या आकाराचे कारण

पाण्याच्या पृष्ठभागावरील कण एकमेकांस व आतील कणांस ओढून धरतात. त्यामुळे पाण्याचा पृष्ठभाग ताणलेल्या पातळ पापुद्र्यासारखा वागतो व शक्य तितका आक्रसू पाहतो. यालाच पृष्ठताण म्हणतात. ठरावीक आकारमान सामावून घेणाऱ्या सर्व आकृत्यांत गोलाचे पृष्ठफळ सर्वांत कमी असते. म्हणून लहानसा थेंब मोकळा सुटला की तो गोल होतो.

नळाच्या तोटीला लोंबणारा थेंब मात्र मोकळा नसतो. त्याचे वजन त्याला खाली ओढते, तोटी त्याला वर धरून ठेवते, आणि या ओढाताणीत त्याला मान फुटते. तुटण्याच्या क्षणी ही मान बारीक दोऱ्यासारखी होते. टोकाचा थेंब जो काही खरा आहे, तो एवढ्याच क्षणापुरता. मान तुटताच टोक आत ओढले जाते व त्या दोऱ्यातून बहुधा एक अगदी चिमुकला थेंब वेगळा होऊन मोठ्या थेंबामागून पडू लागतो. मोठा थेंब पडताना काही काळ थरथरतो, म्हणजे क्षणात उभट व क्षणात चपटा होतो. साडेचार मिलिमीटर व्यासाच्या थेंबाची ही थरथर सेकंदाला तीस-पस्तीस वेळा होते.

पावसाच्या थेंबांविषयी जर्मन पदार्थविज्ञानशास्त्रज्ञ फिलिप लेनार्ड यांनी १९०४ साली प्रयोग प्रसिद्ध केले. खालून वर वाहणाऱ्या हवेच्या झोतात थेंब तोलून धरून त्यांनी त्यांचे आकार पाहिले. पुढील संशोधनाने हे ज्ञान पक्के झाले. सुमारे २ मिलिमीटरपर्यंत व्यासाचा थेंब जवळजवळ गोल असतो. त्याहून मोठ्या थेंबाचा तळ हवेच्या दाबाने चपटा होतो व तो पालथ्या वाटीसारखा दिसू लागतो. पाच-सहा मिलिमीटरच्या पुढे थेंब सहसा टिकत नाही, तो फुटून त्याचे लहान थेंब होतात. या सर्व आकारांत टोक असलेला आकार कोठेही नाही.

ही माहिती मुलांना आरंभीच सांगून टाकू नये. ती आधी सांगितली तर फळ्यावरील एका आकृतीच्या जागी दुसरी आकृती येईल इतकेच. मुलांचे डोळे होते तेथेच राहतील.

डोळ्यास का दिसत नाही?

परातीपासून ४० सेंटिमीटर उंचीवरून सोडलेला थेंब पाण्यास लागेपर्यंत सेकंदाचे तीन दशांशही पुरते होत नाहीत. लागताना त्याचा वेग सेकंदाला सुमारे २८० सेंटिमीटर असतो. एवढ्या वेगातील लहान वस्तूचा आकार डोळ्यास टिपता येत नाही. डोळ्यास तिची रेघ दिसते. आपल्या भाषेत पावसाच्या "धारा" लागतात, त्या याच अनुभवातून. धार हा शब्द खोटा नव्हे. तो डोळ्याचा खरा अनुभव आहे, मात्र तो थेंबाचा आकार नव्हे.

कॅमेऱ्याचेही तसेच आहे. कॅमेऱ्याची झडप सेकंदाचा पन्नासावा भाग उघडी राहिली, तर तेवढ्यात थेंब ५.६ सेंटिमीटर खाली सरकतो व छायाचित्रात रेघच उमटते. हजारावा भाग उघडी राहिली तर तो २.८ मिलिमीटर सरकतो. आकार कळतो, पण पुसट. चार हजारावा भाग उघडी राहिली तर सरकणे केवळ ०.७ मिलिमीटर होते व थेंब स्पष्ट दिसतो. पाचवी-सहावीच्या मुलांकडून हा भागाकार करवून घ्यावा. झडपेचा काळ कमी करावयाचा तर प्रकाश अधिक हवा, हे ओघानेच येते. म्हणून मोबाइलने थेंब टिपावयाचा तो भर उन्हात.

पूर्वतयारी घरी करावी

कोणताही प्रयोग वर्गात प्रथमच करून पाहणे धोक्याचे असते. शिक्षकांनी सुटीच्या दिवशी घरच्या अंगणात वा गच्चीवर हा प्रयोग आधी स्वतः करावा. साहित्य घरातीलच आहे : एक खोलगट परात अथवा घमेले, एक उथळ ताटली, दुधाची स्वच्छ धुतलेली प्लॅस्टिकची पिशवी, टाचणी, दोन स्टुले व त्यांवर आडवी ठेवावयाची काठी, काळा कागद किंवा काळे कापड, चार-पाच पुस्तके अथवा विटा, मीटरपट्टी, औषधाचा ड्रॉपर, चमचाभर दूध आणि मोबाइल. दवाखान्यात वापरलेली सलाइनची नळी कोणी सुचवील, परंतु वापरलेली नळी घरात अगर शाळेत कदापि आणू नये.

पहिला प्रयोग : लोंबणारा थेंब. येथे वेगाचा प्रश्नच नसल्यामुळे आरंभ येथून करावा. पाण्याने भरलेल्या पिशवीस टाचणीने खालच्या कोपऱ्यात अगदी लहान छिद्र पाडून ती काठीस टांगावी. पाण्याची धार लागली तर छिद्र मोठे झाले असे समजावे व दुसरी पिशवी घ्यावी. थेंब सावकाश भरू लागला, म्हणजे त्याच्या मागे वीतभर अंतरावर जास्वंदीचे फूल धरावे. मोबाइल थेंबापासून दहा-बारा सेंटिमीटरवर विटांवर टेकवून ठेवावा. याहून जवळ नेल्यास पुष्कळ मोबाइलांत चित्र अस्पष्ट येते; जवळून टिपावयाचे असल्यास कॅमेऱ्यापुढे साधे भिंग धरावे. छायाचित्र मोठे करून पाहिले असता थेंबात फूल उलटे दिसेल. थेंब हे एक बहिर्वक्र भिंगच आहे. त्यातून जाणाऱ्या प्रकाशाचे अपवर्तन होऊन मागील वस्तूची उलटी प्रतिमा तयार होते. फुलाऐवजी पाटीवर काढलेला बाण धरल्यास उलटेपणा लहान मुलांसही चटकन पटतो.

दुसरा प्रयोग : पाण्यावर पडणारा थेंब. परात पाण्याने काठोकाठ भरावी. पाणी निदान पाच-सहा सेंटिमीटर खोल असावे. त्यात चमचाभर दूध मिसळल्यास पाण्याचा पृष्ठभाग उठून दिसतो. पिशवी अशी टांगावी की छिद्र पाण्यापासून ४० सेंटिमीटर उंच राहील. परातीच्या मागे काळा कागद उभा करावा व ऊन एका बाजूने येईल अशी जागा निवडावी. मोबाइल पाण्याच्या पातळीहून किंचित वर, पुस्तकांवर अगदी स्थिर ठेवावा. हातात धरू नये.

यातील मुख्य अडचण थेंबाच्या जागेची आहे. थेंब पडतो त्या ठिकाणी पेन्सिल उभी धरावी, मोबाइलच्या पडद्यावर पेन्सिलीवर बोट टेकवून काही क्षण दाबून ठेवावे, म्हणजे बहुतेक मोबाइलांत तेवढ्या अंतरावरील स्पष्टता कायम होते. मग पेन्सिल काढून घ्यावी. त्यानंतर एकापाठोपाठ अनेक चित्रे घेण्याची सोय असेल तर ती वापरावी, अथवा संथ गतीचे चलच्चित्र घेऊन ते एकेक चित्र थांबवून पाहावे. शंभर चित्रांत पाच चांगली आली तरी प्रयोग साधला असे समजावे. नेमक्या क्षणी बटन दाबणे कोणासही जमत नाही; येथे चिकाटी हेच कौशल्य होय.

चित्रे क्रमाने लावली म्हणजे पुढील घटना दिसतात. थेंब पाण्यात शिरताच खळगा पडतो व त्याच्या काठावर पाण्याची भिंत उठते. खळगा भरून येताना मधोमध पाण्याचा एक खांब वर उसळतो. पुष्कळदा त्याच्या माथ्यावरून एक थेंब वेगळा होतो, क्षणभर वर राहतो व पुन्हा खाली पडतो. हा खांब थेंबापेक्षा बराच सावकाश वर येतो, म्हणून साध्या मोबाइलनेही तो सहज टिपता येतो. खोल पाण्याऐवजी उथळ ताटलीत दुधाचा पातळ थर घेतला, तर खांबाऐवजी काठावर लहान लहान टोके असलेला मुकुट उठलेला दिसतो.

मोबाइलचा दिवा फ्लॅशसारखा चमकतो, तरी तो खरा फ्लॅश नव्हे. तो झडप उघडी असेपर्यंत जळत राहतो व थेंबास थोपवू शकत नाही. खरा फ्लॅश असलेला कॅमेरा एखाद्याजवळ असेल तर अंधाऱ्या खोलीत, झडप सेकंदभर उघडी ठेवून, फ्लॅश कमीत कमी शक्तीवर चमकवावा. तेव्हा फ्लॅशचा काळ सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहून कमी असतो. चित्र तेवढ्या क्षणाचेच उमटते.

वर्थिंग्टन यांची कबुली

हा पाठ घेणाऱ्या शिक्षकांस एका इंग्रज शिक्षकाची हकीकत ठाऊक असणे इष्ट आहे. आर्थर वर्थिंग्टन (१८५२–१९१६) हे प्रथम ब्रिस्टल येथील क्लिफ्टन कॉलेज या शाळेत व पुढे डेव्हनपोर्ट येथील नौदलाच्या अभियांत्रिकी विद्यालयात पदार्थविज्ञान शिकवीत. दुधाचे अगर पाऱ्याचे थेंब पडून जे शिंतोडे उडतात, त्यांचा अभ्यास त्यांनी १८७५ च्या सुमारास आरंभिला. अंधाऱ्या खोलीत थेंब सोडावा, ठरलेल्या क्षणी विजेची ठिणगी पाडावी, त्या लखलखाटात डोळ्यांवर जे चित्र ठसेल ते ताबडतोब कागदावर काढावे, अशी त्यांची रीत होती. वर्षानुवर्षे त्यांनी अशी चित्रे काढली. त्यांतील मुकुट सुबक होते, सर्व बाजूंनी सारखे, जणू परकाराने आखलेले.

१८९४ साली ठिणगीच्या प्रकाशात छायाचित्र घेणे त्यांना साधले. छायाचित्रांतील मुकुट तसे सुबक नव्हते. एका बाजूची टोके लांब, दुसऱ्या बाजूची आखूड. कोठे काठ वाकडा, कोठे तुटलेला. वर्थिंग्टन यांनी आपल्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या. वाकडेतिकडे शिंतोडे त्यांच्या डोळ्यांना पूर्वीही दिसले होते, ते त्यांनी काढलेही होते. परंतु खरा शिंतोडा नीटनेटका असलाच पाहिजे अशी मनाची समजूत असल्यामुळे, ती चित्रे त्यांनी अपवाद म्हणून बाजूस सारली होती. आपल्या मनाने आपल्याच डोळ्यांना दटावले, हे त्यांनी जाहीरपणे मान्य केले आणि १९०८ साली "अ स्टडी ऑफ स्प्लॅशेस" हा ग्रंथ छायाचित्रांसह प्रसिद्ध केला. पाण्यातून उसळणाऱ्या त्या खांबास शास्त्रज्ञ आजही वर्थिंग्टन यांच्याच नावाने ओळखतात.

पुढे अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेतील हॅरल्ड एजर्टन (१९०३–१९९०) यांनी विजेच्या अतिशय अल्पकालीन लखलखाटाने असे क्षण टिपण्याची पद्धती फार पुढे नेली. दुधाच्या थेंबाच्या मुकुटाचे त्यांचे १९५७ सालचे रंगीत छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. ते मुलांस दाखवावे, पण प्रयोगानंतर. आधी दाखविल्यास मुले आपल्या परातीत तोच मुकुट शोधू लागतील, आणि वर्थिंग्टन यांच्या हातून जी चूक झाली तीच त्यांच्या हातून घडेल.

वर्गातील मांडणी

पाठास चार तासिका पुरतात. पहिल्या तासिकेत काहीही न सांगता प्रत्येक मुलाकडून पडणाऱ्या थेंबाचे चित्र काढवून घ्यावे व त्याखाली तारीख घालावी. दुसऱ्या तासिकेत मुलांनी ड्रॉपरने थेंब सोडावे, अगदी जवळून पाहावे आणि डोळ्यांना जे दिसले तेच काढावे. "मला रेघ दिसली", "मला काहीच नीट दिसले नाही" असे कोणी म्हटल्यास ते उत्तर आनंदाने स्वीकारावे. ते अत्यंत प्रामाणिक उत्तर आहे. तिसऱ्या तासिकेत छायाचित्रे घ्यावी. चौथ्या तासिकेत ती पाहून तिसरे चित्र काढवावे व तिन्ही चित्रे शेजारी शेजारी ठेवून चर्चा करावी.

पहिले चित्र खोडू देऊ नये, व त्यावर चुकीची खूणही करू नये. त्याच चित्राशी ताडून मुलास आपली वाटचाल कळावयाची आहे. गुण द्यावयाचेच झाले, तर चित्राच्या सुबकपणास न देता पाहिलेल्या गोष्टीशी ते किती इमान राखते यास द्यावे.

दोन शिक्षकी शाळेत एकच मोबाइल असतो. अशा ठिकाणी पाच-सहा मुलांचे गट करावे. एक गट छायाचित्रे घेत असता दुसऱ्याने थेंब मोजावे, तिसऱ्याने पुढे सांगितलेला पानांचा प्रयोग करावा, चौथ्याने नोंदी लिहाव्या. गट पाळीपाळीने बदलावे, जेणेकरून मोबाइल ठरावीक मुलांच्याच हाती राहणार नाही. मुलींच्या गटास नोंदी व मुलांच्या गटास कॅमेरा, अशी वाटणी नकळत होते, ती कटाक्षाने टाळावी.

चर्चेसाठी प्रश्न असे असावेत : तोटीला लोंबणारा थेंब व सुटलेला थेंब यांत काय फरक दिसतो? टोक केव्हा दिसते, केव्हा नाहीसे होते? सर्व मुकुट सारखे आहेत काय? एकच छायाचित्र पाहून निष्कर्ष काढता येईल काय? शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे. प्रत्येक छायाचित्र वेगळ्या थेंबाचे व एकाच क्षणाचे असते. कॅमेरा डोळ्यापेक्षा चपळ आहे, पण म्हणून त्याचे एकच चित्र प्रमाण मानू नये. पुष्कळ चित्रे, पुष्कळ थेंब व त्यांची तुलना यांतूनच खात्री होते.

इतर विषयांशी सांगड

गणित : ड्रॉपरने मोजपात्रात थेंब सोडून ५ मिलिलिटर भरण्यास किती थेंब लागतात ते मुलांनी मोजावे. ड्रॉपरप्रमाणे हा आकडा बदलेल. साधारणतः २० थेंबांचे १ मिलिलिटर धरतात. गळक्या नळातून दर सेकंदास एक थेंब पडत असेल, तर दिवसाच्या ८६,४०० सेकंदांत ८६,४०० थेंब, म्हणजे ४ लिटर ३२० मिलिलिटर पाणी जाते. शाळेच्या नळाचे थेंब घड्याळ लावून मोजावे व हिशेब फळ्यावर मांडावा. पाणी वाचवा असे शंभर वेळा सांगण्यापेक्षा हा एक हिशेब अधिक काम करतो.

भाषा : "अळवावरचे पाणी" हा वाक्प्रचार मुलांना पाठ असतो, पण अळवावर पाणी कसे राहते हे पुष्कळांनी निरखलेले नसते. अळवाच्या, वडाच्या व पेरूच्या पानांवर ड्रॉपरने एकेक थेंब सोडून छायाचित्रे घ्यावी. अळवावर थेंब जवळजवळ पूर्ण गोल राहतो व पान कलताच घरंगळतो. इतर पानांवर तो पसरतो. अळवाच्या पानावर अतिसूक्ष्म उंचवटे असून त्यांवर मेणासारखा थर असतो. थेंब त्या उंचवट्यांच्या माथ्यांवरच टेकतो व त्याच्याखाली हवा राहते. कमळाच्या पानाचा गुण हाच आहे व १९९७ साली जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ बार्थलॉट व नाइनहाइस यांनी त्याचे सविस्तर विवेचन केले. घरंगळणारा थेंब पानावरची धूळही घेऊन जातो, हे मुलांनी पानावर चिमूटभर माती टाकून पाहावे.

परिसर अभ्यास व शेती : पावसाळ्यात मातीच्या अंगणालगतच्या भिंतीवर खालच्या बाजूस चिखलाचे शिंतोडे उडालेले असतात. ते किती उंच गेले आहेत ते पट्टीने मोजावे. परातीत पाहिलेला मुकुट व हे शिंतोडे एकाच घटनेची दोन रूपे आहेत. उघड्या जमिनीवर प्रत्येक थेंब मातीचे कण उखडून उडवितो व वाहत्या पाण्याबरोबर ते कण निघून जातात. दोन ताटल्यांत माती घेऊन एकीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे व दोहोंवर सारख्याच उंचीवरून थेंब सोडावे. खाली पांढरा कागद अंथरावा. कोणत्या कागदावर अधिक डाग पडले हे पाहून शेतकऱ्याचे मूल आच्छादनाचा अर्थ न सांगता समजून घेते.

पावसाचे थेंब मोजणे : जून-जुलैत पागोळ्या गळू लागल्या म्हणजे पिशवी व टाचणी यांचीही गरज उरत नाही. याच सुमारास विल्सन बेंटली (१८६५–१९३१) यांचा प्रयोग करावा. हे अमेरिकेच्या व्हरमाँट राज्यातील जेरिको गावचे शेतकरी. त्यांच्या आई पूर्वी शिक्षिका होत्या व मुलाचे बहुतेक शिक्षण त्यांनी घरीच केले. आईच्या सूक्ष्मदर्शकाने बेंटली यांना हिमकणांचा छंद लागला आणि १८८५ साली त्यांनी सूक्ष्मदर्शकास कॅमेरा जोडून हिमकणाचे छायाचित्र घेतले. १९०४ साली त्यांनी पावसाच्या थेंबांवर निबंध प्रसिद्ध केला. त्यांची युक्ती कोणत्याही स्वयंपाकघरात करता येण्याजोगी आहे. परातीत बोटभर जाडीचा पिठाचा थर पसरून ती काही क्षण पावसात धरावी. प्रत्येक थेंबाची एक पिठाची गोळी होते. गोळ्या वाळल्यावर चाळून घेऊन पट्टीवर मोजाव्या. गोळीचा व थेंबाचा आकार ताडण्यासाठी ड्रॉपरचे थेंबही त्याच पिठावर पाडून पाहावे. जाळी लागलेले पीठ वापरावे व गोळ्या शेवटी कोंबड्यांस घालाव्या, म्हणजे अन्न वाया जाणार नाही.

सावधानता

कॅमेरा अगर डोळे सूर्याकडे रोखू देऊ नये. मोबाइल पारदर्शक पिशवीत घातल्यास चित्र पुसट येते. त्यापेक्षा तो परातीपासून पुरेसा दूर ठेवावा व जवळ कोरडे फडके असावे. ओल्या हाताने विजेच्या बटनास स्पर्श होणार नाही हे पाहावे. प्रयोगानंतरचे पाणी ओतून न देता झाडांस घालावे. उन्हाळ्यात टँकरवर अवलंबून असणाऱ्या गावी पहिला व पानांचा, हे दोनच प्रयोग करावे. त्यांस पेलाभर पाणी पुरते.

शेवटची कृती

चौथ्या तासिकेच्या अखेरीस एक कृती शिक्षकांनी स्वतः करावयाची आहे. फळ्यावर आपण नेहमी काढतो तो टोकाचा थेंब काढावा, त्याशेजारी छायाचित्रातील थेंब काढावा, आणि "आजवर मी हा थेंब काढत होतो, तो पाहून काढलेला नव्हता," असे मुलांसमोर सरळ सांगावे. हे म्हणण्यात शिक्षकाची प्रतिष्ठा कमी होते अशी भीती कोणास वाटेल. वर्थिंग्टन यांनी सुमारे वीस वर्षांच्या कामाबाबत हेच म्हटले व त्यामुळेच त्यांच्या पुढच्या कामावर लोकांचा विश्वास बसला.

त्यानंतर वर्गात ज्या मुलाने पहिल्याच दिवशी वाटोळा थेंब काढला असेल, त्याची वही सर्वांना दाखवावी. असे मूल निघालेच नाही, तर ती गोष्टही नोंदवून ठेवावी. पुढील वर्षीच्या वर्गात ते निघावे यासाठीच हा पाठ आहे. तिन्ही चित्रे व छायाचित्रांच्या छापील प्रती वर्गाच्या भिंतीवर पुढच्या पावसाळ्यापर्यंत राहू द्याव्या. नव्या मुलांनी त्यांविषयी प्रश्न विचारल्यास उत्तर लगेच देऊ नये. परात, पिशवी व टाचणी त्यांच्या हाती द्यावी.